गॉथिक लघुकथेतील मरणाची अटळता : काळ आणि निवेदक

गॉथिक कथेत माणसे मरतात, यात विशेष काही नाही. शोकांतिकेतही ती मरतातच. विचार करावयाचा तो इतकाच की, मरण टळणार नाही हे वाचकाला आरंभीच कशावरून कळते? सामान्यतः याचे उत्तर वातावरणनिर्मितीत शोधले जाते. परंतु पडके गढीकोट, भुयारे आणि अपशकुन ही सारी सामग्री होरेस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीपासून उपलब्ध होती, आणि त्या कादंबरीच्या अखेरीस वारसाचा निर्णय लागून विवाहाचीही सोय होते. अटळतेची खरी धार कथा आखूड झाल्यावर आली, आणि तिचे मूळ सामग्रीपेक्षा भाषेच्या योजनेत आहे.

एडगर ॲलन पो याने मे १८४२ च्या ‘ग्रॅहॅम्स मॅगझिन’मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना असे प्रतिपादिले की, कथेतील प्रत्येक शब्द आधी निश्चित केलेल्या एका परिणामाकडे नेणारा असावा. त्याच अंकात त्याची ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’ ही कथा प्रसिद्ध झाली. अशा कथेत शेवट आधी ठरतो, आरंभ मागाहून रचला जातो. पात्रांना जे भविष्य वाटते ते सांगणाऱ्याच्या दृष्टीने केव्हाच होऊन गेलेले असते.

या कथेतील राजा प्रॉस्पेरो साथीपासून बचावण्यासाठी हजार स्नेह्यांसह एका तटबंद मठात जातो व दारांचे अडसर सांधून टाकतो. आत सात दालने आहेत. पूर्वेचे निळे, पश्चिमेचे काळे. काळ्या दालनात आबनुसी घड्याळ. ते दर तासाला वाजू लागले की वादक थांबतात, नृत्य अडखळते. दालनांच्या प्रतीकार्थावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने निवेदकाकडे दुर्लक्ष झाले. कथेत अधूनमधून ‘मी’ डोकावतो, आपण हे आधी सांगितलेच आहे असे म्हणतो. पण शेवटी मठात कोणीही जिवंत उरत नाही, घड्याळसुद्धा थांबते. मग हे पाहिले कोणी? ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ (१८३९) मध्ये निदान एक पाहुणा पळून वाचतो. येथे निवेदकाला जागाच नाही. जो कोणी बोलतो आहे तो सर्वांच्या मरणापलीकडून बोलतो आहे, आणि म्हणूनच त्याच्या साध्या भूतकाळी क्रियापदांनाही निकालाचे वजन येते.

मराठी भाषकाला ही युक्ती अनोळखी नाही. हाक आली की आतल्या खोलीतला मनुष्य ‘आलो’ म्हणतो. तो आलेला नसतो. कठड्यावर तोल जाणारे मूल पाहून ‘पडला, पडला!’ असे ओरडणाऱ्याच्या दृष्टीस अजून पडणे आलेले नसते. क्रिया व्हावयाची असते, रूप मात्र भूतकाळाचे. कारण तिच्या घडण्याविषयी संदेह उरलेला नसतो. पोची कथा जे रचनेने साधते ते मराठी व्याकरण एका प्रत्ययात करते.

मात्र हीच सोय अनुवादकाला अडचणीत आणते. ‘द फॅक्ट्स इन द केस ऑफ एम. वॉल्डेमार’ (१८४५) या कथेत एका मरणोन्मुख गृहस्थाला ऐन अंतकाळी संमोहित केले जाते. झोपला आहात काय, असे विचारता तो उत्तर देतो की, झोपलो होतो, पण आता आपण मृत आहोत. रोलां बार्थ याने १९७३ मध्ये या कथेचे विश्लेषण करताना नेमक्या याच उद्गारावर बोट ठेवले : भाषेत हे वाक्य शक्य आहे, पण प्रत्यक्षात ते कोणीही उच्चारू शकत नाही. इंग्रजीत तेथे ‘डेड’ हे विशेषण आहे. ते केवळ अवस्था सांगते. घटना सांगत नाही. मराठीत ‘मेलो’ म्हणावे, तर तो ठेच लागलेल्याचा उद्गार होतो. तसे म्हणणारा हमखास जिवंत असतो. ‘मी मृत आहे’ हे निर्दोष, पण दाखल्यावरचे. ‘मी मेलेला आहे’ यात अवस्था येते आणि बोली टिकते. शिवाय ‘मेलेला’ हा शब्द एरवी दुसऱ्याविषयीच वापरला जात असल्याने ‘मी’शी त्याची जोडी कानाला खटकते. तो खटका येथे हवाच आहे. सुमारे सात महिन्यांनी संमोहन उतरविताच वॉल्डेमारचा देह मिनिटभरात कुजून जातो, आणि अडवून धरलेली घटना अवस्थेला गाठते.