दोन बाटल्या

सारंगखेडा-शहादा भागातून येणाऱ्या, पेम्फिगस या फोडांच्या आजाराच्या रुग्णाची कहाणी बहुधा तोंडापासून सुरू होते. तोंड आलंय म्हणून आधी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, मग ग्लिसरीन, मग शेजारणीने सांगितलेली तुरटी. दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा गिळवत नाही. पुढे कधीतरी छातीपाठीवर लिबलिबीत फोड उठतात आणि मग त्वचारोगतज्ज्ञाची आठवण होते. फोडाशेजारच्या धड दिसणाऱ्या कातडीवर मी अंगठा दाबून हलकेच सरकवते. वरचा पापुद्रा निसटतो. पियोत्र निकोल्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्णिलेली ही खूण पाहायला आजही कुठलं यंत्र लागत नाही.

नंतर कातडीचे दोन तुकडे घ्यायचे. एक ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मेलिनमध्ये. दुसरा फोडालगतच्या शाबूत त्वचेचा, तो मिशेलच्या द्रावणात. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी स्वतः वाचते, कारण दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये पडला की त्याची तपासणी वाया जाते. मिशेलचं द्रावण बर्फाशिवाय काही दिवस प्रथिनं टिकवतं. मोठी प्रयोगशाळा दूर असलेल्या आमच्यासारख्यांना हा केवढा आधार आहे!

पहिल्या तुकड्यात पेशींच्या सगळ्यात खालच्या थराच्या जरा वर फट दिसते. दुसऱ्यावर चकाकणारा रंग जोडलेली प्रतिद्रव्यं सोडली की प्रत्येक पेशीभोवती हिरवी जाळी उजळते. ही जाळी म्हणजे रुग्णाची स्वतःवरच उलटलेली प्रतिद्रव्यं. रुग्णांच्या रक्तात ती १९६४ साली अमेरिकेत अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी दाखवली. ती नेमकी कशाला चिकटतात, हे कळायला १९९१ उजाडलं. मासायुकी अमागाई, जॉन स्टॅनली आणि सहकाऱ्यांनी ते प्रथिन शोधलं. डेस्मोग्लीन ३ हे त्याचं नाव. ते पेशीला पेशी धरून ठेवतं. तोंडाच्या आतल्या अस्तराची भिस्त मुख्यतः त्याच्यावर असते; कातडीत डेस्मोग्लीन १ सुद्धा हा भार उचलतं. म्हणून आधी तोंड सोलतं, आणि प्रतिद्रव्यं दुसऱ्या प्रथिनावरही उलटली की अंग. रुग्ण महिनोन्‌महिने जे सांगत असतो त्याचं इतकं स्वच्छ उत्तर रेणूंच्या पातळीवर मिळावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण माझ्या मते संशोधनाचा तितकाच मोठा पल्ला दिल्लीच्या एम्समध्ये गाठला गेला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. जे. एस. पसरिचा यांनी महागड्या मिथाइलप्रेडनिसोलोनऐवजी स्वस्त आणि सहज मिळणारं डेक्सामेथासोन घेतलं. सलग तीन दिवस १०० मिलिग्रॅम सलाईनमधून, त्यातल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड, आणि दर २८ दिवसांनी पुन्हा तेच; या प्रत्येक फेरीला पल्स म्हणतात. रुग्णाच्या खिशाचा विचार औषधयोजनेच्या मुळाशीच होता. मूल हवं असलेल्यांसाठी सायक्लोफॉस्फामाइड वगळण्याची वाटही पुढे त्याच पद्धतीत निघाली. अमेरिकेत २०१८ साली पेम्फिगससाठी मान्यता मिळालेलं रितुक्सिमॅब आज अनेकांना लवकर बरं करतं, मात्र ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी पल्स अजून उभी आहे.

सलाईन दोनएक तास हळूहळू चालतं. त्याआधी साखर, रक्तदाब, रक्तपेशी, लघवी तपासायची. अंग सोललेलं असेल तर कापसाची चादर चिकटते आणि उठताना कातडी घेऊन निघते. तिथे केळीचं पान कामाला येतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर या पानांच्या ड्रेसिंगचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला होता. शहाद्याकडे केळीच्या बागा आहेत, नातेवाइकांना पान कुठून आणायचं हे सांगावं लागत नाही. निर्जंतुक करून मगच वापरायचं, एवढं मात्र बजावावं लागतं.

सगळ्यात अवघड जातं तारखा पाळणं. फोड सुकले की माणसाला बरं झाल्यासारखं वाटतं, आणि नेमक्या त्याच सुमारास मार्गशीर्षात सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोडेबाजार आला तर दुकान लावणारा यायचाच नाही. म्हणून पहिल्या पल्सलाच मी भिंतीवरचं कॅलेंडर खाली घेते, दत्तजयंतीवर खूण करते आणि त्या दिवसांत दुकान कोण सांभाळणार, हे घरच्यांना समोर बसवून ठरवून घेते.