घर घेताना : भाग 7 – दाखल्याआधी किल्ली नको

गेल्या आठवड्यात आपण करारनामा पाहिला. नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत बिल्डरला घराच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचे कलम 13 त्यात आले. आजचा विषय ताब्याचा.

स्लॅब पडतात, रंग लागतो आणि एके दिवशी बिल्डरच्या ऑफिसमधून फोन येतो, "फ्लॅट तयार आहे, किल्ली घेऊन जा. कम्प्लिशन महिनाभरात येईलच." घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरून मेटाकुटीला आलेल्या कुटुंबाला हा फोन ऐकून हायसे वाटते. पण कम्प्लिशन, म्हणजे महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला, अजून आलेला नसतो. सर्वांत जास्त सावध राहायचे ते याच वेळी.

नाशिककरांना हे नव्याने सांगायला नको. कपाटांचे प्रकरण शहराने सोसले आहे. जुन्या नियमांत खोलीलगत कपाटासाठी थोडी जागा एफएसआयमध्ये, म्हणजे मंजूर बांधकाम क्षेत्रात, न धरता सोडता येत असे. अनेक इमारतींत नकाशावर ती कपाट म्हणून दाखवली गेली आणि बांधताना खोलीत मिसळली गेली. ग्राहकाला बेडरूम ऐसपैस दिसली, पण महापालिकेच्या हिशेबी ते मंजुरीपेक्षा जादा बांधकाम ठरले. डॉ. प्रवीण गेडाम आयुक्त असताना महापालिकेने अशा इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले रोखले आणि शहरभरातल्या इमारती अडकल्या. टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) घेऊन जादा बांधकाम नियमात बसवावे, तर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर तीही वाट बंद होती. तोडगा निघेपर्यंत वर्षे गेली. चूक नकाशा आणि बांधकाम यांच्यातल्या फरकाची होती, भुर्दंड मात्र ज्यांनी तो नकाशा कधी पाहिलाच नव्हता त्यांना पडला.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. महाराष्ट्रातला 1963 चा सदनिका मालकी कायदा, म्हणजे मोफा, सांगतो की दाखला मिळेपर्यंत बिल्डरने ताबा देऊ नये आणि ग्राहकानेही तो घेऊ नये. रेराच्या कलम 11 नुसार दाखला मिळवणे ही बिल्डरची जबाबदारी आहे. करारातली ताब्याची तारीख उलटली, तर कलम 18 प्रमाणे ग्राहकाला दोन पर्याय आहेत : व्यवहारातून बाहेर पडून सव्याज पैसे परत घ्यायचे, किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घ्यायचे. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा दोन टक्के अधिक असतो. दाखल्याशिवाय किल्ली घेतली, की "ताबा तर दिलाच होता" हे उत्तर आपण बिल्डरच्या हाती देतो आणि आपलाच दावा पातळ करतो.

फोन आला की पुढच्या गोष्टी करा. दाखल्याची प्रत मागा आणि त्यावर आपल्या इमारतीचे, विंगचे व मजल्याचे नाव आहे का ते वाचा. अनेकदा दाखला अंशतः असतो आणि त्यात आपली विंग नसते. राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागात प्रत खरी असल्याची खात्री करून घ्या. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावरचा मंजूर नकाशा उघडा आणि मोजपट्टी घेऊन फ्लॅटमध्ये जा. नकाशात बाल्कनी आहे तिथे प्रत्यक्षात खोली असेल, नकाशातली भिंत जागेवर नसेल, तर लेखी खुलासा मागा. "फर्निचरसाठी ताबा" या नावाखालच्या कागदावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. त्यात "माझी कोणतीही तक्रार नाही" असे वाक्य असेल, तर सही करू नका.

ज्यांनी पूर्वीच दाखल्याविना ताबा घेतला, त्यांनीही हातपाय गाळू नयेत. मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना 1997 मध्ये ताबा मिळाला, पण दाखला मिळालाच नाही. संस्थेला मालमत्ता कर आणि पाणीपट्टी वाढीव दराने भरावी लागत होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यांची तक्रार मुदतबाह्य ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 11 जानेवारी 2022 रोजी तो निर्णय फिरवला. दाखला न देणे ही सेवेतली त्रुटी आहे आणि दाखला मिळेपर्यंत हा अन्याय रोज चालूच राहतो, असे न्यायालयाने म्हटले. जुन्या इमारतींच्या सोसायट्यांनी हा निकाल आपल्या फायलीत जरूर लावून ठेवावा.

तक्रार महारेराकडे ऑनलाइन करता येते किंवा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी करारनामा, पैसे भरल्याच्या पावत्या, बँकेची कागदपत्रे आणि बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवा. फोनवरचे प्रत्येक आश्वासन त्याच दिवशी ईमेलने बिल्डरला लिहून पाठवा. तोंडी शब्दाला सुनावणीत फारसे वजन नसते.

आणखी काही महिने भाडे भरणे जड जाते, हे खरे. पण जन्मभराची कमाई ज्या घरात घातली, त्याच्या दाखल्यासाठी पुढे वर्षानुवर्षे महापालिकेचे उंबरठे झिजवणे त्याहून महाग पडते. म्हणून दाखला हातात आल्यावरच किल्ली घ्या, आणि शेजारच्या फ्लॅटवाल्यांनाही हेच सांगा. सगळे एकत्र थांबले, तर बिल्डरला दाखला आणावाच लागतो.

(पुढील आठवड्यात : सोसायटीच्या नावावर जमीन, म्हणजेच कन्व्हेयन्स)