कक्षा आणि ऑर्बिटल

अणूच्या मध्यभागी केंद्रक आणि त्याभोवती ठरावीक वर्तुळांतून फिरणारे इलेक्ट्रॉन, हे शालेय पुस्तकांतील परिचित चित्र डेन्मार्कचे शास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या १९१३ मधील सिद्धांतावरून आलेले आहे. तोवरच्या भौतिकशास्त्रानुसार वर्तुळात फिरणारा विद्युतभारित कण सतत ऊर्जा बाहेर टाकत अत्यल्प काळात केंद्रकात कोसळावयास हवा. तसे घडत नसल्यामुळे काही निवडक कक्षांत इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता फिरू शकतो आणि एका कक्षेतून दुसरीत जातानाच प्रकाश शोषतो अथवा सोडतो, असे बोर यांनी गृहीत धरले. या गृहीतकातून हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांच्या तरंगलांबी इतक्या अचूक मिळाल्या, की कक्षा खऱ्याच असाव्यात असे वाटणे स्वाभाविक होते. परंतु दोन इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियमपाशीच हे गणित अडले.

इलेक्ट्रॉनला तरंगाचेही गुणधर्म असतात, हा लुई द ब्रॉय यांचा विचार पुढे नेऊन एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये तरंगसमीकरण मांडले आणि त्याच वर्षी माक्स बोर्न यांनी त्याच्या उत्तराचा, म्हणजे तरंगफलाचा, अर्थ लावला : तरंगफलाच्या परिमाणाचा वर्ग म्हणजे इलेक्ट्रॉन एखाद्या ठिकाणी सापडण्याची संभाव्यता. अणूतील एका इलेक्ट्रॉनच्या अशा तरंगफलाला ऑर्बिटल म्हणतात. कक्षा हा मार्ग आहे आणि मार्ग सांगायचा तर प्रत्येक क्षणी स्थान व संवेग दोन्ही ठाऊक हवेत. हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या अनिश्चितता तत्त्वाने नेमकी तीच शक्यता नाकारली.

हायड्रोजनच्या सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत हा फरक विशेष स्पष्ट दिसतो. बोर यांच्या मते तेथे इलेक्ट्रॉन केंद्रकापासून ०.०५२९ नॅनोमीटर अंतरावरच फिरतो; श्रोडिंगर यांच्या समीकरणानुसार तो त्याहून जवळ किंवा दूर कोठेही सापडू शकतो, मात्र सर्वाधिक संभाव्य अंतर तेवढेच येते. जुन्या सिद्धांताचा हा आकडा टिकला, पण फिरणे टिकले नाही. बोर यांच्या कक्षेत इलेक्ट्रॉनला कोनीय संवेग, म्हणजे परिभ्रमणाचे माप, असलाच पाहिजे. या अवस्थेच्या गोलाकार एस ऑर्बिटलमध्ये तो शून्य असतो, म्हणजे इलेक्ट्रॉनला गतिज ऊर्जा असूनही तो केंद्रकाला प्रदक्षिणा घालत नाही.

पी प्रकारच्या ऑर्बिटलला दोन विरुद्ध दिशांना पसरलेले फुगीर भाग असतात आणि त्यांच्या मधल्या, केंद्रकातून जाणाऱ्या प्रतलावर इलेक्ट्रॉन सापडण्याची संभाव्यता शून्य असते. एका ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात, हे वोल्फगांग पाउली यांच्या नियमावरून ठरते. रसायनशास्त्राला खरा उपयोग झाला तो ऑर्बिटलांच्या या दिशांचा, कारण मिथेनमधील चार बंध एकमेकांशी सुमारे १०९.५ अंशांचा कोन का करतात, हे सपाट वर्तुळांवरून सांगता येत नाही. कार्बनची एक एस आणि तीन पी ऑर्बिटले यांच्या मिश्रणातून ते समजते. अर्थात, ऑर्बिटल काटेकोरपणे लागू पडते ते एकाच इलेक्ट्रॉनच्या अणूला. हेलियमपासून पुढे इलेक्ट्रॉन परस्परांनाही दूर लोटत असल्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र ऑर्बिटल देणे ही अतिशय उपयुक्त, तरीही अंदाजी, मांडणी ठरते.