जायबंदी कोपरा राखावा की सोडावा?

कविता लिहिणाऱ्या माणसानं कबड्डीच्या लिलावात कशाला नाक खुपसावं, असं तुम्ही म्हणाल. पण सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला कुस्ती आणि कबड्डीपासून लांब राहताच येत नाही. आमच्याकडे चहाच्या टपरीवर ज्या प्रश्नावरून वाद रंगतात, तो मला हिशेबाचाही वाटतो आणि माणुसकीचाही. संघातला एखादा जुना, नावाजलेला बचावपटू जायबंदी झाला आहे आणि त्याची किंमतही मोठी आहे. संघानं त्याला राखावं की सोडावं?

आधी हा बचावपटू करतो काय, ते पाहू. सात जणांच्या फळीत दोन कोपरारक्षक असतात, एक डावा, एक उजवा. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आत आला की प्रेक्षक त्याच्या हाताकडे बघतात. कोपरारक्षक बघतो त्याच्या पायाकडे. चढाई तीस सेकंदांची. त्यात कधीतरी चढाईपटूचा एक पाय क्षणभर जड पडतो, अंगाचा सगळा भार त्यावर येतो. नेमक्या त्या क्षणी झेप घेऊन घोटा धरायचा. आधी झेपावलं तर तो उडी मारून निसटतो, उशीर झाला तर बोनस घेऊन परत जातो. हे पुस्तकात शिकून येत नाही. आठ-दहा वर्षं माती खाल्ल्यावर येतं. शिवाय साखळीतल्या शेजाऱ्याला कधी ओढायचं आणि कधी थोपवायचं, हेही तोच ठरवतो. बाकीचे पाच जण त्याच्या एका हाकेवर हलतात. म्हणून चढाईपटूची वाहवा जास्त झाली तरी जाणत्या प्रशिक्षकाला कोपऱ्याची काळजी अधिक असते.

पण हीच झेप शरीराचा घात करते. समोरच्याचं सत्तर-ऐंशी किलो वजन पूर्ण जोरात खांद्यावर किंवा गुडघ्यावर येतं. पूर्वी मातीत पाय थोडा घसरायचा, जोर निघून जायचा. मॅटवर बूट घट्ट रुततो, पाय जागीच राहतो आणि वरचं अंग फिरतं. गुडघ्याच्या आत फुलीच्या आकारात दोन अस्थिबंध असतात. त्यातला पुढचा तुटला की सरळ चालता येतं, कालांतरानं धावताही येतं. पण झटकन दिशा बदलली की गुडघा ‘सुटतो’. शस्त्रक्रियेत बहुधा त्याच माणसाच्या मांडीची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची शीर घेऊन तिथं बसवतात. गंमत अशी की बसवलेली शीर पहिले काही महिने कमकुवत होत जाते आणि मग हळूहळू तिच्यात रक्तपुरवठा वाढून ती बळकट होते. म्हणजे दुखणं थांबतं आधी आणि गुडघा तयार होतो नंतर. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरलं तर पुन्हा इजा होण्याचा धोका बराच वाढतो, म्हणून डॉक्टर नऊ ते बारा महिने थांबायला सांगतात. प्रो कबड्डीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. तेव्हा गुडघा गेला की हंगाम गेला.

आता पैशाचं बघू. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. लिलावात प्रत्येक संघाला एक ठरावीक थैली मिळते आणि सगळा संघ तिच्यातच बसवावा लागतो. एकावर जास्त खर्च केला की दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं कमी होतं. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातला, चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई आठवा. तो चढाईपटू, पण हिशेब तोच. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्यानं चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले. २०१९ ला तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. २०२१ च्या लिलावात दुसऱ्या संघाची बोली जुळवून त्याच संघानं त्याला १ कोटी ३० लाखांना पुन्हा राखलं. थैली होती ४ कोटी ४० लाखांची, म्हणजे जवळजवळ तीस टक्के एका माणसावर. आणि मोजक्या सामन्यांतच खांदा दुखावला. त्या हंगामात टायटन्सनी २२ पैकी एकच सामना जिंकला. २०२२ ला त्याची किंमत झाली २० लाख. २०२३ ला हरियाणा स्टीलर्सनं त्याला १ कोटीला घेतलं आणि तो संघ अंतिम फेरीपर्यंत गेला. पुढच्या वर्षी दिल्लीनं २६ लाखांना घेतलं.

हे आकडे सलग वाचताना मला चमत्कारिक वाटतं. माणूस तोच, खेळही बराचसा तोच, पण भाव एखाद्या बाजार समितीतल्या बेदाण्यासारखा वर-खाली. तासगावच्या माणसाला ही उपमा जास्त कळेल.

या वादात एक युक्तिवाद हमखास येतो. “एवढे पैसे घातलेत, आता सोडायचा कसा?” मला तो पटत नाही. आमच्या भागातला ऊसवाला शेतकरी या बाबतीत शहाणा आहे. खोडवा राखायचा की मोडायचा हे ठरवताना तो गेल्या वर्षी लागणीला किती खर्च आला ते मोजत बसत नाही. तो सरीत फिरून बघतो, फुटवा कसा आहे, नांग्या किती पडल्यात. खोडवा राखतात तो बेणं आणि मशागत वाचते म्हणून. उतारा थोडा कमी आला तरी चालतं, कारण खर्चच कमी असतो. लागणीच्या खर्चात खोडवा कुणी राखत नाही. जुन्या खेळाडूचंही तसंच. तो राखण्याजोगा आहे की नाही, हा प्रश्न किमतीपासून तोडून विचारताच येत नाही. २० लाखांना जो फायद्याचा, तोच दीड कोटीला संघाला बुडवतो.

इराणच्या फजल अत्राचलीचं उदाहरण कोपऱ्याच्या बाबतीत चपखल आहे. डावा कोपरा. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याच्यावर १ कोटी लावले, लिलावात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू. २०२३ ला गुजरातनं १ कोटी ६० लाख मोजले. २०२४ ला बंगालनं त्याला ५० लाखांना घेतलं. लोक म्हणाले, संपला. २०२५ मध्ये दिल्लीनं त्याला घेतलं आणि अंतिम सामन्यात पुण्याला ३१-२८ असं हरवून विजेतेपद नेलं. तीन गुणांचा फरक. अशा सामन्यात शेवटच्या पाच मिनिटांत कोण डोकं थंड ठेवतो, यावर सगळं असतं, आणि ते काम तिशी ओलांडलेला कोपरा करतो.

हरलेल्या पुण्याच्या संघाचा कर्णधार होता अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्याच्याच नेतृत्वाखाली पुण्यानं मार्च २०२४ मध्ये हरियाणाला २८-२५ असं नमवून पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीनं तो बाहेर बसला आणि संघ घसरला. तरी संघानं त्याला सोडलं नाही, आणि परत येऊन त्यानं संघाला अंतिम फेरीत नेलं. पण अस्लम पंचविशीतला. त्या वयात एक वर्ष थांबलं तर पुढची सहा-सात वर्षं हाती लागतात. तेहतिशीतल्या माणसाला एक वर्ष थांबवलं तर हाती किती उरतं? म्हणून अस्लमचा दाखला देऊन कुणी म्हाताऱ्या कोपऱ्याची वकिली करू लागला तर मी मान हलवणार नाही.

माझं मत विचाराल तर असं: जुन्या किमतीत राखू नये. लिलावात सोडावं, बोली होऊ द्यावी आणि जी बोली येईल ती जुळवून परत घ्यावं. नियमानं ती सोय दिली आहे. मात्र गुडघा संघासाठी खेळताना गेला असेल, तर शस्त्रक्रियेचा आणि त्यानंतरच्या वर्षभराच्या व्यायामोपचाराचा खर्च करार संपला तरी संघानंच करावा. ‘आम्ही एक कुटुंब आहोत’ असं मुलाखतीत सांगणाऱ्यांना एवढं जड जाऊ नये.

इथं मला गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या या मल्लानं १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघा दुखावला आणि १९५६ चं मेलबर्न हुकलं. पण नोकरी गुडघ्यावर अवलंबून नव्हती. ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं, हेही खरंच. तरी पोलीस, रेल्वे, बँका, कंपन्या यांच्या संघांत खेळाडू आधी नोकर असायचा, मग खेळाडू. पाय मोडला तरी पगार चालू. लिलावानं मधल्या काळात गावाकडच्या पोरांना कधी न पाहिलेला पैसा दाखवला, ते वाईट म्हणता येणार नाही. पण त्यात पगाराचा हा आडोसा नाही.

आमच्या वाडीच्या मंडळात एक उजवा कोपरा होता. दोनदा गुडघा गेला. पोरं म्हणाली, “दादा, तुम्ही आता बाहेर बसा.” ते म्हणाले, “बसतो की. पण मला रेषेजवळ बसवा.” त्यांना रेषेजवळ बसवलं, आणि तिथून ते नव्या कोपऱ्याला एकच शब्द सांगत, “थांब.” त्या वर्षी मंडळानं तालुक्याची ढाल आणली. मानधन शून्य, प्रवासखर्चही स्वतःचा. गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनी दोन म्हशी विकून केलं.

स्थानिक स्पर्धांची प्रवेश फी आजकाल बरीच असते, बक्षिसंही मोठी लागतात. त्या फीमधून प्रत्येक संघामागे थोडी रक्कम बाजूला काढून खेळाडूंचा अपघात विमा उतरवता येईल. लिलावात नाव न लागलेले शेकडो कोपरे दर हिवाळ्यात याच मैदानांवर झेपा घेत असतात.