झाकण उघडायचं नाही

बँकेत छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एक खोड लागते. समोर काही झाकलेलं दिसलं की ते उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कर्जदाराने तारण म्हणून लिहून दिलेली शंभर पोती गोदामात खरोखर शंभरच आहेत का, आणि त्यांत तांदूळ आहे की तूस, हे पाहण्याचा मी पगार घेत होतो. निवृत्त झालो तेव्हा खुर्ची गेली, शिक्के गेले, खोड मात्र राहिली. ती बरोबर घेऊनच २०२३च्या जूनमध्ये आम्ही उभयता अमेरिकेला, मिशिगन राज्यात, चिरंजीवांकडे गेलो.

डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या कारखान्यांमुळे मराठी इंजिनिअरांची वस्ती बरीच. आमचे चिरंजीव त्यांतलेच एक. पहिला आठवडा जेवणावळींत गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याने जाहीर केलं, "बाबा, शनिवारी आपण कॅम्पिंगला जाऊ. दोघंच. रात्री शेगडीवर रोस्ट करू."

मी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "माझे गुडघे तंबूत वाकायचे नाहीत. मी नातीजवळ थांबते. तुम्ही बापलेक जा." इतक्या चटकन परवानगी मिळाल्यावर खरं तर मला संशय यायला हवा होता.

चार तास गाडी हाकून आम्ही लडिंग्टनच्या सरकारी उद्यानात पोचलो. मिशिगन सरोवराचा हा पूर्व किनारा. सरोवर कसलं, समुद्रच तो. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, किनाऱ्याला वाळूच्या टेकड्या. मी अलिबागकडचा माणूस, त्यामुळे पश्चिमेला पाणी दिसलं की मला घरी आल्यासारखं वाटतं. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, तर गोडं! उगाचच फसवणूक झाल्यासारखं वाटलं.

तंबूची जागा आखून दिलेली असते. तिथे एक लाकडी टेबल, त्याला जोडलेले बाक, आणि जाळ करायला जमिनीत बसवलेलं लोखंडी कडं. मी म्हटलं, "घरामागे एवढी लाकडं पडली होती, चार आणायची की." चिरंजीव म्हणाले, "घरचं लाकूड इथे आणायचं नसतं." आशियातून आलेला एक हिरवा चमकदार भुंगेरा २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला. तो अॅश जातीच्या झाडांच्या सालीखाली शिरतो आणि झाड वाळवून टाकतो. या किड्याने अमेरिकेतली कोट्यवधी झाडं मारली, आणि तो गावोगाव पोचला त्यात सहलीला जाणाऱ्यांच्या गाड्यांतल्या जळणाचा मोठा हात होता. म्हणून लाकूड जिथलं तिथेच विकत घ्यायचं. कोळसा मात्र खुशाल न्यावा, त्यात कीड जिवंत राहत नाही.

या कोळशाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. उशीच्या आकाराच्या, एकसारख्या, दाबून केलेल्या वड्या असतात त्या. पेटंट आधीचं, पण त्यांचा मोठा धंदा केला तो मोटारवाल्या हेन्री फोर्डने. त्याच्या गाड्यांना तेव्हा लाकूड फार लागे. त्यासाठी त्याने याच मिशिगनच्या उत्तर भागात जंगल घेतलं, करवत गिरण्या घातल्या. जंगल मिळवून द्यायला किंग्जफर्ड नावाचा त्याचा एक नातेवाईक होता. गिरण्यांतून ढलप्या आणि भुसा यांचे ढीग साचू लागले. फोर्डला वाया गेलेली वस्तू पाहवत नसे. त्याने त्याचा कोळसा करून, स्टार्चमध्ये घोळवून वड्या पाडल्या आणि त्या आपल्या मोटारींच्या दुकानांतून विकायला ठेवल्या. पुढे, १९३०च्या दशकात, सहलीसाठी छोटी शेगडी आणि कोळसा असा संचही त्याने काढला. म्हणजे मोटार घ्या, तिच्यातून रानात जा, आणि तिच्याच उरलेल्या लाकडावर शिजवून खा. फोर्ड स्वतः एडिसन वगैरे मित्रांना घेऊन रानात तंबू ठोकायला जाई, तेव्हा त्याला गिऱ्हाईक ठाऊक होतं. १९५१ साली तो कारखाना दुसऱ्यांकडे गेला आणि कोळशाला त्या नातेवाइकाचं नाव मिळालं. आमच्या पिशवीवर तेच नाव होतं.

आता शेगडी. अठरा इंच व्यासाची, तीन पायांची, वर घुमटासारखं झाकण. खाली एक झरोका, झाकणावर एक. या घाटाचाही जन्म या सरोवराच्याच काठचा. शिकागोजवळ वेबर ब्रदर्स नावाच्या पत्र्याच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे गोल बोये होत असत. तिथल्या जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाला उघड्या शेगडीवरच्या वाऱ्याचा आणि राखेचा वैताग आला होता. १९५२ साली त्याने बोयाचे दोन भाग केले, खालच्याला पाय लावले आणि वरच्याचं झाकण केलं. किमया सगळी त्या झाकणात आहे.

कारण आपण मराठीत 'भाजणे' म्हणतो तेव्हा उघड्या विस्तवावर भाजतो. पापड, वांगं, मक्याचं कणीस. वस्तू निखाऱ्यावर धरायची, फिरवायची, डोळ्यात तेल घालून पाहायची. दीड किलोची अख्खी कोंबडी तशी भाजायला घेतली तर बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची राहील. रोस्टसाठी निखारे कोंबडीच्या खाली ठेवायचेच नाहीत. ते दोन्ही कडांना लोटायचे, मध्ये मोकळ्या जागेत पसरट भांड्यात थोडं पाणी ठेवायचं, आणि त्याच्या वरच्या जाळीवर कोंबडी. झाकण लावलं की आतली तापलेली हवा घुमटाला आपटून चहूबाजूंनी कोंबडीला वेढते. शेगडीची भट्टी होते. भांड्यात टपकलेल्या रसाचा पुढे पातळ सॉस करायचा.

चिरंजीवांनी वड्या एका उभ्या नळकांड्यात भरल्या, खाली कागद पेटवला. वीस मिनिटांत वड्यांवर राखेची साय धरली, तेव्हा त्या वीस-वीस करून दोन बाजूंना ओतल्या. कोंबडीला लोणी, मीठ, लिंबू आणि रोझमेरी नावाचा पाला. आलं-लसणाचा विषय मी एकदा काढून पाहिला, तो मंजूर झाला नाही. कडेने अर्धवट उकडलेले बटाटे, गाजरं, कांदे. सात वाजता झाकण पडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. तिथे जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो.

दहाव्या मिनिटाला मी झाकणाच्या मुठीला हात घातला.

"बाबा, झाकण उघडायचं नाही."

"उघडत नव्हतो. वास घेत होतो."

"एकदा उघडलं की आतली सगळी ऊब जाते. परत तेवढं तापायला दहा मिनिटं लागतात."

मग काय, बसलो. बापलेकांनी कामाशिवाय समोरासमोर बसण्याची आम्हाला सवय नाही. तो शाळेत होता तेव्हा मी कायम बदलीवर. बिऱ्हाड ठाण्याला आणि मी कुठल्या तरी शाखेत. भेटलो की मी त्याचं प्रगतिपुस्तक मागायचो. तीसुद्धा तपासणीच.

धुराचा आणि चरबीचा वास सुटला तसा तो म्हणाला, "रोह्याची पोपटी आठवते तुम्हाला?"

रायगडकरांना पोपटी सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की हा बेत. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, जाडं मीठ, ओवा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबून बसवायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून जाळ करायचा. तेही बंद भांडं, भोवतालची आच, आणि मध्ये उघडून पाहायची सोय नाही. झालं की नाही ते मडक्यावर पाण्याचा शिपका मारून ओळखायचं. चर्र होऊन पाणी क्षणात उडालं की काढायची.

१९९३च्या जानेवारीत ही आणि तो मुद्दाम पोपटीसाठी रोह्याला आली होती. तो आठ वर्षांचा. आमच्या शाखेच्या शिपायाच्या शेतावर शनिवारी संध्याकाळी बेत ठरला होता. आणि शुक्रवारी संध्याकाळी तपासनीस येऊन धडकले. शनिवारी रात्री अकरापर्यंत मी शाखेत. मी नाही म्हणून ही दोघंही गेली नाहीत. शिपायाने रात्री वर्तमानपत्रात बांधून शेंगा आणि अंडी घरी आणून दिली.

"मी जागा होतो," चिरंजीव म्हणाले. "अंडी गार झाली होती. पण त्या पाल्याचा वास अजून आठवतो. पुढच्या वर्षी जाऊ म्हणालात."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली होती. मी काही बोललो नाही.

पाऊण तास झाला. सरोवरावरून वारा सुटला होता आणि निखारे मंदावले. त्याने नळकांड्यात दहा वड्या आधीच पेटवून ठेवल्या होत्या. झाकण जरासं उचलून त्या चपळाईने आत सरकवल्या. तासाभराने मांडीत थर्मामीटरची सुई खुपसली, तर १४० फॅरनहाइट. हवे होते १६५, म्हणजे ७४ सेल्सियस. त्याखाली कोंबडी खाऊ नये. झाकण पुन्हा बंद.

"बाबा, एक सांगायचं होतं."

मला ठाऊक होतं. घरी स्वयंपाकघरातल्या फडताळावर, डब्याच्या मागे, एक सरकारी पाकीट होतं. लपवून ठेवलेला कागद बँकवाल्याला आधी दिसतो. पाकीट कुठल्या खात्याचं हेही वाचलं होतं. आठ दिवस जिभेवर प्रश्न होता. तो विचारला नाही, ही माझी आयुष्यातली मोठीच कमाई म्हणायची.

"माझं सिटिझनशिपचं झालं. मुलाखत पास झालो. ऑगस्टमध्ये शपथ आहे."

मी म्हणालो, "म्हणजे पासपोर्ट परत करावा लागेल. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड काढून घे, जन्मभर व्हिसा लागत नाही. मतदान करता येणार नाही. शेतजमीन विकत घेता येणार नाही, पण वारसाने येऊ शकते. तेव्हा आपली वाडी..."

एवढं सगळं मी एका दमात बोललो. अनिवासी खातेदारांना काउंटरवर सांगावं तसं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, मी नियम विचारत नाहीये."

मग मला पुढे बोलता येईना. वाडी माझ्या आजोबांनी लावलेली. तिथल्या नारळांचे हिशेब आपल्यामागे हा पाहील, असं मी धरून चाललो होतो. कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणूनच बहुधा विचारलं नव्हतं.

"आईला माहीत आहे?"

"तिनेच सांगितलं, बाबांना कुठेतरी घेऊन जा आणि सांग. घरी सांगितलंस तर कागद मागतील."

हसू आलं. डोळ्यांत पाणीही आलं, ते धुरावर ढकललं. थोड्या वेळाने मी म्हटलं, "मला वाईट वाटलं आहे. ते वाटू दे. तू चुकलास असं मी म्हणत नाही." तो बराच वेळ सरोवराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मलाही वाटलं, बाबा. फॉर्मवर सही करताना."

सव्वानऊला काटा १६५च्या पुढे गेला. तरी खायची नाही! बाहेर काढून पंधरा मिनिटं तशीच ठेवायची, म्हणजे कापताना रस वाहून जात नाही. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा आम्ही पहिला घास घेतला. कातडी कुरकुरीत, आत मऊ, बटाट्यांना धुराचा वास. मी घरून आणलेली लसणीच्या चटणीची पुडी खिशातून काढली. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला आणि मग निम्मी चटणी स्वतःच संपवली.

रात्री गारठा पडला. मी म्हटलं, "शेगडी तंबूच्या तोंडाशी आत घेऊ, ऊब राहील." तो ओरडलाच, "अजिबात नाही!" विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. वास नाही, धूर नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. आपल्याकडे उत्तरेत थंडीच्या दिवसांत बंद खोलीत शेगडी ठेवून माणसं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, त्या याच वायूच्या. त्याने दोन्ही झरोके बंद केले आणि शेगडी लांब नेऊन ठेवली. हवा तुटली की निखारे मरतात, उरलेला कोळसा सकाळच्या चहाला होतो. मग त्याने स्वतःचं पांघरूण माझ्या अंगावर घातलं. मी झोपलो असं त्याला वाटलं होतं.

शपथ ऑगस्टमध्ये झाली. फोटो आला, मी तो पाहिला आणि छान आहे म्हणून कळवलं. २०२५च्या जानेवारीत मंडळी आली. विमानतळावर सूनबाई आपल्या रांगेत, तो आणि नात परदेशी पासपोर्टवाल्यांच्या. मी बाहेर उभा होतो, ही रांगांची हकिगत नातीने सांगितली.

त्या शनिवारी आम्ही वाडीत पोपटी लावली. रोह्याचा तो शिपाई, आता माझ्यासारखाच निवृत्त, मुद्दाम आला होता. शेंगा त्याच्याच शेतातल्या. मडकं उपडं पडलं, जाळ झाला, नात टाळ्या पिटत भोवती फिरली. वीसेक मिनिटं झाली असतील. मला राहवेना. काठीने राख बाजूला सारायला म्हणून मी पुढे वाकलो.

"साहेब, अजून नाही," शिपाई म्हणाला.

"बाबा, अजून नाही," चिरंजीव म्हणाले.

मी काठी खाली ठेवली आणि नातीला म्हटलं, "जा, तांब्या भरून आण. शिपका तू मारायचास."