फाइलीला धनी हवा

दुबईत अल बर्शातल्या कुठल्याही कंत्राटदार कंपनीच्या खरेदी विभागात एलपीओ नावाचा कागद दिवसभर फिरत असतो. साइटवरून मागणी येते, तीन पुरवठादारांची कोटेशनं मागवली जातात, त्यांचा तुलनात्मक तक्ता होतो आणि मग लोकल परचेस ऑर्डर निघते. तिच्यावर भाव, मुदत, पैसे देण्याच्या अटी असतात आणि ती काढणाऱ्याचं नावही असतं. माल उशिरा आला की साइट इंजिनियर त्याच माणसाला फोन लावतो. पुढे ऑर्डर, डिलिव्हरी नोट आणि बिल यांचा मेळ बसल्याशिवाय अकाउंट्स पैसे सोडत नाही. म्हणजे अविश्वास इथेही पुरेपूर आहे. मागणारा, घेणारा आणि पैसे देणारा वेगळे ठेवले आहेत ते त्याचसाठी. पण एवढे हात लागूनही ऑर्डरचा धनी एकच राहतो. (दुबईत अशा टेबलांवर मराठी माणसं पुष्कळ आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.) तोफ आणि टाइल्स एका मापाने मोजता येत नाहीत, हे मान्य. तरीही भारताच्या संरक्षण खरेदीतल्या दिरंगाईचं मूळ शोधायला गेलं, तर ते नियमांच्या कमतरतेत नाही, पैशांच्या टंचाईतही पूर्णपणे नाही. तिथल्या फाइलीला धनी नाही, हे खरं मूळ.

हे निदान बाहेरच्या टीकाकाराचं नव्हे. धुळ्याचे तेव्हाचे खासदार आणि पेशाने कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. सुभाष भामरे २०१६ ते २०१९ या काळात संरक्षण राज्यमंत्री होते. २०१७च्या अखेरच्या त्यांच्या अंतर्गत टिपणातला मजकूर पुढच्या वर्षी माध्यमांतून बाहेर आला. तीन आर्थिक वर्षांतल्या १४४ प्रस्तावांपैकी ठरलेल्या मुदतीत मार्गी लागलेले जेमतेम ८ ते १० टक्के निघाले. आरएफपीच्या, म्हणजे कंपन्यांकडून बोली मागवण्याच्या टप्प्यावरच तिन्ही दलांच्या फाइली सरासरी १२० आठवडे अडकत होत्या. नियमातल्या मुदतीच्या सहापट. कारणंही टिपणात आडपडदा न ठेवता दिली होती: विखुरलेली रचना, जबाबदारीचं एकही ठिकाण नाही, निर्णय घेणारे अनेक, त्याच कामाची पुनरावृत्ती आणि मदत करण्याऐवजी चुका काढण्याची वृत्ती. त्याआधी दहा वर्षं, २००७ साली, कॅगनेही हेच लिहिलं होतं. खरेदीच्या कामात किमान १३ यंत्रणा गुंतलेल्या आणि त्या वेगवेगळ्या प्रमुखांना उत्तरदायी.

एका फाइलीचा प्रवास जवळून पाहिला की हे आकडे आपोआप उलगडतात. वापरणारं दल आधी आपल्या गरजेचे तांत्रिक निकष लिहितं. मग खरेदीची गरज मान्य झाल्याचा शिक्का, ज्याला दिल्लीत एओएन म्हणतात. पुढे आरएफपी, तांत्रिक मूल्यमापन, प्रत्यक्ष चाचण्या, भावाची वाटाघाट, अर्थ विभागाची संमती, आणि रक्कम मोठी असेल तर मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती. चाचण्या राजस्थानच्या उन्हाळ्यात आणि उंचावरच्या थंडीत घ्याव्या लागतात. एखादं पत्र महिनाभर टेबलावर पडून राहिलं आणि तेवढ्यात ऋतू हुकला, तर त्या महिन्याची किंमत एक अख्खं वर्ष. आणि पत्र पडून का राहतं? कारण शेरा मारून फाइल परत पाठवणं सुरक्षित असतं, सही करणं धोक्याचं. उशिराबद्दल कोणाची चौकशी होत नाही. सहीबद्दल मात्र निवृत्तीनंतरही होऊ शकते. त्यातून लष्करी अधिकाऱ्याची दोन-तीन वर्षांत बदली ठरलेली. निकष लिहिणारा चाचण्यांच्या वेळी दुसऱ्याच छावणीत असतो आणि नवा आलेला निकष पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसतो. यात आळशी किंवा अप्रामाणिक माणूस एकही असायची गरज नाही.

यावर आपल्याकडचा नेहमीचा उपाय म्हणजे नियमांचं पुस्तक नव्याने लिहिणं. कारगिलनंतर २००१ साली संरक्षण संपादन परिषद स्थापन झाली आणि २००२मध्ये खरेदीची कार्यपद्धती आली. २००५, २००६, २००८, २०११, २०१३, २०१६ आणि २०२० या साली ती बदलली. २०१६ची आवृत्ती संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांच्या कारकिर्दीतली. तिच्यात देशात आरेखित आणि देशात बनलेल्या सामग्रीला पहिला अग्रक्रम मिळाला. सुधारणा चांगलीच होती. पण २००७ साली १२६ लढाऊ विमानांसाठी निघालेली आरएफपी आधीच्या सगळ्या पुस्तकांच्या छायेतच आठ वर्षं चालली, जानेवारी २०१२मध्ये राफेलची बोली सर्वांत कमी ठरल्यावरही करार झाला नाही, आणि शेवटी ३६ विमानांचा वेगळा करार सप्टेंबर २०१६मध्ये झाला. पुस्तकाने टप्पे सांगितले. टप्पे ओलांडून न्यायची जबाबदारी कोणावरच टाकली नाही.

उलट बाजूचा पुरावाही घरचाच आहे. उरीनंतर, बालाकोटनंतर आणि गलवाननंतर दलांच्या उपप्रमुखांना तातडीच्या खरेदीचे अधिकार दिले गेले. शेवटच्या दोन वेळी मर्यादा प्रत्येक करारामागे ३०० कोटी रुपयांची होती. माणसं तीच होती. टेबलं कमी झाली, मुदत लिहून दिली गेली, निर्णय कोणाचा ते स्पष्ट झालं आणि माल येऊ लागला. अर्थात संकटातली खरेदी ही व्यवस्था होऊ शकत नाही. घाईत घेतलं जातं ते बाजारात तयार असलेलंच.

आक्षेप येईल की अधिकार एकवटले की पैसे खाण्याची वाट मोकळी होते. बोफोर्सचं नाव निघेलच. पण १९८६चा बोफोर्स करार काय, २०१०चा बारा व्हीआयपी हेलिकॉप्टरांचा काय, दोन्हींवरचे आरोप अनेक सह्यांच्या व्यवस्थेतच झाले. जितकी टेबलं जास्त, तितकी मध्यस्थाला शिरायला फट जास्त. आणि भीतीची किंमतही मोजली पाहिजे: बोफोर्सनंतर तोफखान्यासाठी नव्या परदेशी तोफांचा करार व्हायला २०१६चा नोव्हेंबर उजाडला, तोही १४५ हलक्या हॉवित्झरांचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: खरेदी एकाच हाती देणं लोकशाहीत बसत नाही. संयुक्त अरब अमिरातीत सैन्य आणि अबू धाबी पोलिसांसाठीची खरेदी आणि करार ‘तवाझुन’ ही एकच परिषद सांभाळते. अबू धाबीत दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आयडेक्स प्रदर्शनात करारांची घोषणाही तीच करते. पण तिथे ना आपल्यासारखी विरोधकांनी भरलेली संसद, ना कॅगचे गाजणारे अहवाल, ना आपल्याएवढं सैन्य. तुलना इथेच थांबवायला हवी. तिथली गुप्तता आपल्याला नको, खरेदी हाच ज्यांचा पेशा आहे अशांची स्वतंत्र संस्था तेवढी हवी. ती लोकशाहीत बसत नाही असंही नाही. फ्रान्सची अशी संस्था १९६१पासून उभी आहे, दक्षिण कोरियाने २००६मध्ये स्थापन केली, आणि दोन्हीकडे संसद आहे.

आपल्याकडे अशा सुधारणांचा वेग काय, हेही माहीत असावं. डॉ. विजय केळकर समितीने २००५ साली आयुध कारखान्यांना कंपनीचं रूप द्या असं सुचवलं. खडकीसह ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या त्या १ ऑक्टोबर २०२१ला, सोळा वर्षांनी. स्वतंत्र खरेदी संस्थेसाठी इतकं थांबायला नको. तोवर निदान एवढं करता येईल: प्रत्येक मोठ्या प्रस्तावाला एक अधिकारी नेमावा, करार होईपर्यंत त्याची बदली करू नये, आणि फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस राहिली याचा तक्ता दर सहा महिन्यांनी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे ठेवावा. महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत आहेत. हा तक्ता त्यांच्यापैकी कोणीही मागू शकतो, आणि त्याला नवा कायदा लागत नाही.