सिग्नल जनरेटरमधील स्मृती व्यवस्थापन

सिग्नल जनरेटरमधील स्मृती व्यवस्थापन म्हणजे चाचणीसाठी लागणारा तरंग किंवा बिटक्रम, त्याचे गुणधर्म न बिघडवता, उपकरणाच्या मर्यादित स्मृतीत बसवण्याच्या पद्धती होत. स्मृतीतील अंक क्रमाने वाचून त्यांचे विद्युतदाबात रूपांतर करणाऱ्या जनरेटरांना ही मर्यादा लागू होते. न मावणारा क्रम मध्येच तोडला तरी उपकरण संकेत देत राहते. मात्र तो अपेक्षित संकेत नसतो आणि चाचणीचे निष्कर्ष चुकतात.

स्मृतीची गरज

सॅम्पलिंग दराला कालावधीने गुणल्यास सॅम्पलची संख्या मिळते. दर सेकंदाला १०० कोटी सॅम्पल देणाऱ्या जनरेटरमध्ये १४ बिटांचे प्रत्येक सॅम्पल सहसा २ बाइट जागेत साठवले जाते. अशा वेळी १ मिलिसेकंदाच्या तरंगास २० लाख बाइट, तर १ सेकंदाच्या तरंगास २०० कोटी बाइट लागतात. आय आणि क्यू असे दोन घटक असलेल्या संकेतास याच्या दुप्पट जागा लागते.

बिटक्रमाच्या बाबतीत साठवणुकीची रचना महत्त्वाची असते. एका बाइटमध्ये ८ बिट भरल्यास १० लाख बिटांना १.२५ लाख बाइट पुरतात. परंतु काही रचनांमध्ये प्रत्येक बिटासोबत नियंत्रण बिट ठेवावे लागतात व एका बिटासाठी पूर्ण बाइट खर्च होतो. तोच क्रम मग १० लाख बाइट व्यापतो.

अनेक जनरेटरांमध्ये कायमस्वरूपी साठवण आणि जलद कार्यस्मृती वेगवेगळ्या असतात. फाइल कायमस्वरूपी साठवणीत मावली, तरी ती कार्यस्मृतीत मावेलच असे नाही. जुने तरंग कार्यस्मृतीतून काढून टाकणे हा अशा वेळचा पहिला उपाय असतो.

लांबीची बंधने

कार्यस्मृती गटागटाने वाचली जात असल्याने तरंगाची लांबी अनेकदा १६ किंवा ६४ यांसारख्या संख्येच्या पटीत असावी लागते. शिवाय तरंग पुन्हा पुन्हा वाजवला जात असल्याने त्याचा शेवट आणि आरंभ जुळावा लागतो. प्रत्येक आवर्तनात १०० सॅम्पल असलेल्या साइन तरंगासाठी १०२४ सॅम्पल घेतल्यास १०.२४ आवर्तने होतात आणि सांध्यावर उडी निर्माण होते. ४०० सॅम्पल घेतल्यास ४ पूर्ण आवर्तने मिळतात व १६ च्या पटीची अटही पाळली जाते.

१२७ बिटांच्या छद्म-यादृच्छिक क्रमाला, प्रत्येक बिटास एक सॅम्पल असताना, हीच अडचण येते. शेवटी एक शून्य जोडून १२८ करणे सोपे वाटते. पण त्यामुळे क्रमच बदलतो आणि मूळ क्रमाशी तुलना करणारा ग्राहक दर फेरीला चुका नोंदवू शकतो. या चुका चाचणीखालील उपकरणाच्या नसतात. तोच क्रम १६ वेळा लिहून २,०३२ बिटांचा करणे हा योग्य उपाय होय.

स्मृती वाचवण्याच्या पद्धती

खंडांची अनुक्रम-रचना: तरंगाचे पुनरावृत्त होणारे भाग एकदाच साठवून ते किती वेळा वाजवायचे याची यादी दिली जाते. दर मिलिसेकंदाला १ मायक्रोसेकंदाचा स्पंद देणारा रडार संकेत वरील दराने पूर्ण साठवल्यास १० लाख सॅम्पल होतात. त्याऐवजी १,००० सॅम्पलचा स्पंद आणि ९९९ वेळा वाजणारा १,००० सॅम्पलचा शून्य खंड ठेवल्यास २,००० सॅम्पल पुरतात.

सॅम्पलिंग दर कमी करणे: हा दर संकेतातील सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक असावा लागतो. प्रत्यक्षात गाळणीसाठी आणखी मोकळीक ठेवली जाते.

क्रम जागीच निर्माण करणे: २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ बिटांचा छद्म-यादृच्छिक क्रम एका बाइटमध्ये ८ बिट भरूनही सुमारे २६.८ कोटी बाइट घेतो. तोच क्रम ३१ टप्प्यांची शिफ्ट रजिस्टर आणि एक एक्सॉर द्वार यांतून, स्मृतीत न साठवता, निर्माण करता येतो.

पद्धतीची निवड

जागीच निर्मितीची पद्धत ठरावीक सूत्राने बनणाऱ्या क्रमांनाच उपयोगी पडते. शीर्षक आणि तपासणी बेरीज असलेली विशिष्ट विदा साठवावीच लागते. लांब क्रमाऐवजी आखूड क्रम वापरणेही नेहमी समतुल्य नसते. ३१ टप्प्यांच्या क्रमात सलग ३१ एक येतात, तर ७ टप्प्यांच्या क्रमात जास्तीत जास्त ७. त्यामुळे दीर्घकाळ न बदलणाऱ्या पातळीमुळे ग्राहकात उद्भवणारे दोष आखूड क्रमाने केलेल्या चाचणीत लपून राहू शकतात.